४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नववीचा पट चाळीसचा, हजर एकोणीस. बाकीचे वावरात. पऱ्हाटी फुटली आहे, वेचायला माणूस मिळत नाही, तेव्हा पोट्ट्यांचे हात कोण सोडतो? हजेरी घेताना मी आजकाल कारण विचारत नाही.

२२ डिसेंबरला गणित दिवस. दरवर्षी आमच्याकडे ६१७४ चा तक्ता लागतो, म्हणजे चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी येते ती कापरेकरांची संख्या. देवळालीचे कापरेकर सर मला फार आवडतात, पण तोच तक्ता तिसऱ्यांदा गेरूनं रंगवायचा म्हणजे पोरांनाही कंटाळा आणि मलाही. यंदा ठरवलं की मोठी संख्या घ्यायची, एकच घ्यायची, आणि दीड महिना तिचा पिच्छा सोडायचा नाही.

फळ्यावर १ लिहिला आणि दुप्पट करत गेलो. सोळाव्या दुपटीला ६५,५३६. इथपर्यंत वर्ग सोबत होता. पुढं खडू पोरांच्या हाती दिला. बत्तिसाव्या दुपटीला ४,२९,४९,६७,२९६. त्यात १ मिळवला : ४,२९,४९,६७,२९७. चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्याण्णव. वाचताना निम्मा वर्ग लाखातच अडखळला.

एकाच्या लक्षात आलं, "सर, दहा आकडे हायेत, मोबाईल नंबरच हाय न हा." मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी मोबाईलवरून लावूनही पाहिला. आपल्याकडे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो, हा चारानं. लागला नाही.

ही संख्या का, ते सांगितलं. २ + १ = ३. ४ + १ = ५. १६ + १ = १७. २५६ + १ = २५७. ६५,५३६ + १ = ६५,५३७. पाचही मूळ संख्या. दर वेळी आधीच्या घाताची दुप्पट होते : १, २, ४, ८, १६. पुढचा घात ३२, म्हणजे आमची संख्या. फ्रान्समधला फर्मा हा पेशानं न्यायसभेतला माणूस, गणित फावल्या वेळातलं. त्यानं १६४० साली पत्रात लिहिलं की या साखळीतली प्रत्येक संख्या मूळच असावी असं आपल्याला वाटतं. आमचा प्रश्न एवढाच की सहाव्या कडीबद्दल त्याचं म्हणणं खरं आहे का.

उत्तर मला माहीत आहे. पोरांना सांगितलेलं नाही. कॉम्प्युटर शेवटी, हा नियमही आजच घालून दिला.

तिघं तयार झाले. पहिली मुनीमजींची नात. तिचे आबाजी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये चाळीस वर्षं खातेवही सांभाळून घरी बसले आहेत. दुसरा पंपवाला, ज्याला रात्रीची लाइन आली की बापासोबत हरभऱ्याला पाणी द्यायला जावं लागतं. तिसरा आठवीतला धाकटा, जो बोलावला नव्हता पण आला.

६ नोव्हेंबर

सोप्या कसोट्या उरकल्या. शेवटी ७, म्हणून २ नाही, ५ नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नाही.

७, ११, १३ यांच्यासाठी एकच कसोटी घेतली, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आलटून पालटून वजा-अधिक करायचं. इथं आपला स्वल्पविराम आडवा आला. पोरांनी लाख-कोटीप्रमाणे दोन-दोनचे गट धरले आणि तिघांची तीन उत्तरं आली. स्वल्पविराम पुसायला लावले. ४ | २९४ | ९६७ | २९७. मग २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. आता ३८० ला भागून पाहायचं : ७ नं २ उरतात, ११ नं ६, १३ नं ३. तिन्ही बाद.

धाकटा म्हणतो, "एवढी मोठी संख्या, अन् काम तीनशे ऐंशीवर भागलं." त्याला हे फार आवडलं. मलाही.

११ नोव्हेंबर

१७ पासून पुढं एकेक मूळ संख्या घेऊन भागाकार. आजपर्यंत ४७ पर्यंत पोचलो. पंपवाल्यानं विचारलं, कुठवर जायचं? रास्त प्रश्न. वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत. तेवढ्यात मूळ संख्या ६,५४२. तिघांनी रोज दहा-दहा भागाकार केले तरी दोनशे अठरा दिवस. "तवरोक तं तूर निंगून दुसरा पेरा होते," हे त्याचं गणित. बरोबरच आहे.

१४ नोव्हेंबर

आज पोरांना वाट दाखवली. पण आयतं सूत्र दिलं नाही, आधी कोष्टक करायला लावलं.

२ चे घात घ्या : २, ४, ८, १६, ३२... प्रत्येकाला ७ नं भागून बाकी लिहा. २, ४, १, २, ४, १. तीनचा फेरा. ११ नं भागा : २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६, १. दहाचा फेरा. १३ चा फेरा बाराचा, १७ चा आठाचा, ३१ चा पाचाचा. फळ्यावर दोन रकाने झाले, डावीकडे मूळ संख्या आणि उजवीकडे फेरा. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग धाकटाच : "एक कमी केला का भाग जाते सर." म्हणजे ७ मधून १ गेला ६, त्याला ३ नं भाग जातो. १७ मधून १ गेला १६, त्याला ८ नं. ३१ मधून १ गेला ३०, त्याला ५ नं. फेरा नेहमी 'मूळ संख्या वजा एक' ला भागतो. हा फर्माचाच सिद्धांत. इथं मात्र तो चुकला नव्हता.

आता आमच्या संख्येकडे. समजा एखादी मूळ संख्या तिला भागते. मग २ च्या बत्तिसाव्या घाताला तिनं भागलं की बाकी पूर्ण भागाला एकानं कमी पडते, म्हणजे −१. आणखी बत्तीस पायऱ्या चढलं की −१ गुणिले −१, म्हणजे १. फेरा चौसष्टाव्या पायरीला पुरा होतो. त्याआधी नाही, कारण ६४ ला भागणारे इतर सगळे आकडे ३२ लाही भागतात, आणि बत्तिसाव्या पायरीवर तर −१ आहे. तेव्हा फेरा ६४ चाच. म्हणून त्या मूळ संख्येतून १ वजा केला की ६४ नं भाग जायलाच पाहिजे.

मग तपासायच्या संख्या उरल्या त्या ६४ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्याच : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... त्यातल्या मूळ नसलेल्या खोडल्या. राहिल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पुढंही आहेत, पण सध्या पाच पुरेत म्हटलं. एकेक मूळ संख्या घेत गेलो असतो तर ६४१ ही एकशे सोळावी.

१७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं हीच संख्या फोडून दाखवली. त्याच्या तीन वर्षं आधी गोल्डबाख या दुसऱ्या गणितज्ञानं त्याला पत्राच्या ताजा कलमात फर्माच्या या म्हणण्याबद्दल विचारलं होतं. हे पोरांना नंतर सांगणार.

१८ नोव्हेंबर

पंपवाला रात्रपाळीला. धाकट्याला ताप. पाचही भागाकार नातीकडे दिले, तिचं अक्षर रेखीव आणि अंक एकाखाली एक बसतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस वाईट गेला.

नातीनं वही आणली. पाच भागाकार, पाच पानं, लाल पेनानं बाकीभोवती चौकट. १९३ नं भागून बाकी ९१. २५७ नं २४१. ४४९ नं ३०७. ५७७ नं २७०. ६४१ नं ६२३.

शून्य एकही नाही. ६४१ पाशी शून्य यायला हवं होतं, हे मला माहीत, तिला नाही. ती खुशीत, "फर्मा बरोबर हाय वाटते सर." मी तिच्यासमोरच शेवटचा भागाकार तपासला. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. नऊ उतरवला, ४४८९, सात वेळा, उरले २. पुढं दोन शून्यं भागाकारात. २६७२, चार वेळा, उरले १०८. १०८७, एक वेळा, ४४६. ४४६९, सहा वेळा, ३८४६ गेले, उरले ६२३. कुठंही चूक नाही. पुन्हा तपासला. तिसऱ्यांदा तपासला. तिला जायला सांगितलं आणि स्टाफरूममध्ये बसून स्वतःच्या बी. एस्सी.च्या आठवणीवर शंका घेत राहिलो. ६४१ च ना? की ६१४? घरी येऊन जेवणावरही लक्ष नव्हतं.

(नंतर लिहितो : तिन्ही वेळा मी भाजक पाहिला, भागाकार पाहिला, बाकी पाहिली. भाज्य पाहिला नाही. तो 'दिलेला' होता ना.)

२१ नोव्हेंबर

सकाळी प्रार्थनेआधी नात दाराशी. वही पुढं केली आणि सांगितलं ते तिच्याच शब्दांत जमेल तसं लिहून ठेवतो.

रात्री ती आबाजींना वही दाखवत होती. मुनीमजींना फर्मा माहीत नाही, मूळ संख्या शाळेतल्या तेवढ्याच आठवतात. त्यांनी विचारलं, "सर काऊन नाराज झाले?" ती म्हणाली, "ठाऊक नाही. ६४१ च्या पानावर लय वेळ थांबले." तेव्हा आबाजी : "म्हंजे तेथं पुरा भाग जाले पायजे होता मास्तरले. कितीनं कमी पडला?" ६४१ वजा ६२३, अठरानं. "अठरा म्हंजे नवाच्या पाढ्यातला. आकडे उलटे बसले असन कुठीतरी. नऊ दुणे अठरा, म्हंजे दोनाचा फरक असलेले दोन आकडे, एकक-दशकात. पाय बरं."

तिनं पाहिलं. वहीत ४२९४९६७२७९ होतं. फळ्यावर होतं ४२९४९६७२९७.

पहिल्याच दिवशी उतरवताना ९७ चं ७९ झालं, आणि तीच संख्या पानोपानी पुढं गेली. मी मात्र ते ७९ रोज ९७ असंच वाचत होतो. डोळ्यांना जे ठाऊक असतं तेच ते वाचतात.

संध्याकाळी मुनीमजींकडे गेलो. ओसरीवर बाजेवर बसले होते. चाळीस वर्षं कापसाच्या गाड्यांची वजनं आणि रकमा वहीत चढवायची आणि रात्री मेळ घालायचा, त्यातली ही युक्ती. दोन शेजारचे अंक उलटले की फरक नेहमी ९ च्या पटीत पडतो. दशकात क्ष आणि एककात य असेल तर १० क्ष + य, उलटलं तर १० य + क्ष, फरक ९ गुणिले (क्ष − य). मेळात ६३ रुपये, १८ रुपये, २७० रुपये असा फरक आला की ते बेरीज पुन्हा मारत बसत नसत, उलटलेला आकडा शोधत. फरक २७० असेल तर दशक-शतकात शोधायचं.

मी म्हटलं, मुनीमजी, अंकांची बेरीज करून मेळ पाहायच्या नवाच्या ताळ्यात ही चूक सापडली नसती. हसले. "नवाचा ताळा आंधया आहे मास्तर, आकडे तेच राह्यले तं त्याले सारखंच दिसते." खरंच. दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज ५९. अकराची कसोटी लावली असती तर लगेच दिसलं असतं : खऱ्या संख्येची अकरानं बाकी ५, नातीच्या संख्येची ९.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी. इथं मुनीमजींची युक्ती थोडी नशिबानंही लागू पडली. मेळात दोन पुऱ्या रकमा समोर असतात. आमच्याकडे फक्त बाकी होती, म्हणजे ६४१ च्या आतला फरक तेवढा कळत होता. वरच्या कुठल्या स्थानात अंक उलटले असते तर बाकीवरून काही उमगलं नसतं. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सापडलं न? मंग."

चहा घेऊन निघालो.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळची शाळा

नात पाचही भागाकार पुन्हा करायला बसली होती. थांबवलं. खरी संख्या तिच्या संख्येपेक्षा बरोबर १८ नं मोठी, मग बाक्याही १८ नं मोठ्या होतील, बस. ९१ चे १०९. २४१ चे २५९, त्यातून २५७ गेले, २. ३०७ चे ३२५. २७० चे २८८. आणि ६२३ चे ६४१, म्हणजे शून्य.

तिनं शून्य लिहिलं आणि पेन खाली ठेवला. पंपवाल्यानं बाकावर हात आपटला. धाकट्यानं विचारलं, "म्हंजे फर्मा चुकला?" हो. आता ऑयलरचं नाव सांगितलं.

भागाकार फळ्यावर पुरा मांडून घेतला. धाकट्यानं मांडला, उत्तर ६७,४१७. मधली दोन शून्यं गिळली. त्याला चूक दाखवण्याआधी म्हटलं, ताळा कर. नवाचा ताळा : ६४१ चे अंक ११, म्हणजे २. ६७४१७ चे २५, म्हणजे ७. दोन साते चौदा, म्हणजे ५. मूळ संख्येचे ५९, म्हणजे १४, म्हणजे ५. जुळला! अकराचा ताळा घेतला, म्हणजे दोघांना अकरानं भागून उरलेल्या बाक्यांचा : ३ गुणिले ९ सत्तावीस, बाकी ५. तोही जुळला! दोन शून्यं एकदम गेली की अकरालाही काही कळत नाही. दोन्ही ताळे बरोबर आणि उत्तर शंभर पटींच्या आसपास चूक. मग नातीनं तोंडी हिशेब केला : सहाशे गुणिले सदुसष्ट हजार म्हणजे चार कोटी, आपल्याला तर चारशे कोटी पाहिजेत. कालपासून तिच्या डोक्यात आबाजी बसले आहेत.

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७. गुणाकार करून पाहिला, तिघांनी वेगवेगळा.

२५ नोव्हेंबर

कॉम्प्युटरवरची बंदी उठवली. शाळेत चालू असलेला एकच, तोही जुना, त्यावर पंपवाल्यानं मोठ्या भावाकडून शिकून सी भाषेत दुपटीचा प्रोग्राम लिहिला. बत्तीस वेळा दुप्पट, मग एक मिळव. पडद्यावर उत्तर : १.

त्याला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. बिघडला नव्हता. त्यानं निवडलेल्या खान्यात ३२ बिटच मावतात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत. पुढची पायरी शून्य. मोटारसायकलच्या मीटरवर सगळे ९ झाले की पुन्हा शून्यं येतात तसंच. त्यात एक मिळवला की १. आमची संख्या त्या खान्याच्या उंबरठ्यापलीकडं बरोबर दोन पावलं उभी आहे. पायथॉनमध्ये ही अडचण नाही. तिथं क्षणात ६४१ आणि ६७,००,४१७ आले.

मग नात हळूच म्हणाली, "माही चुकीची संख्या टाका न सर." टाकली. ४२९४९६७२७९. कॉम्प्युटरनं ६५,५३५ पर्यंत सगळे भाजक लावून पाहिले. एकही लागला नाही. मूळ संख्या!

मी खुर्ची ओढून बसलो. दोन अंक उलटले आणि फुटणारी संख्या न फुटणारी झाली. तिनं ६४१ काय, सहा हजार पाचशे बेचाळीसही भागाकार केले असते तरी शून्य आलं नसतं. तिची संख्या म्हणजे २ च्या बत्तिसाव्या घातातून १७ वजा. त्या घाताच्या खाली सगळ्यात मोठी मूळ संख्या ४२९४९६७२९१, आणि तिच्या खालोखाल हीच, नातीची. वर्गात तिला आता सगळे 'दोन नंबर' म्हणतात. ती चिडत नाही.

४ डिसेंबर

दोन कामं उरकली.

एक, मोठा भागाकार न करता ६४१ चा निकाल. ६५,५३६ ला ६४१ नं भागलं की १५४ उरतात. आमची संख्या म्हणजे ६५,५३६ चा वर्ग अधिक १, म्हणून बाकीचाच वर्ग घ्यायचा. १५४ चा वर्ग २३,७१६. त्यात एक मिळवला २३,७१७, आणि ६४१ × ३७ = २३,७१७. संपलं. तळहाताएवढ्या कागदावर मावतं. ६४१ चं आणखी एक गुपित फळ्यावर ठेवलं : ६४१ म्हणजे ६२५ + १६, आणि ६४१ म्हणजे ६४० + १, यात ६४० म्हणजे पाच गुणिले १२८. या दोन ओळींवरूनही भागाकार न करता सिद्ध होतं. धाकट्याला घरी नेऊ दिलं.

दोन, ६७,००,४१७ स्वतः मूळ आहे का? वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. पुन्हा ६४ चा पाढा अधिक एक. १९३, २५७, ४४९, ५७७ आधीच बाद, कारण त्यांनी मोठ्या संख्येलाच भाग गेला नाही. उरल्या सात. बाक्या : ६४१ नं ४४, ७६९ नं १२०, ११५३ नं ३३४, १२१७ नं ८३२, १४०९ नं ६२२, १६०१ नं २३२, २११३ नं ९४. शून्य नाही, म्हणून मूळ. सदुसष्ट लाखांच्या घरातली संख्या सात भागाकारांत. पंपवाल्याला दोनशे अठरा दिवस आठवले.

यादी करताना ६४ × २७ + १ पाशी १७२९ आला. रामानुजनची संख्या, आणि गणित दिवस त्यांच्याच जन्मदिवशी. आम्हाला मात्र ती खोडावी लागली : ७ × १३ × १९.

९ डिसेंबर

थंडी. पोरं उन्हात बसली, वर्ग बाहेरच घेतला.

आज चौरस. आमची संख्या म्हणजे ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे तर जन्मापासूनच दिसतं. पण तिची आणखी एक फोड आहे : ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. पोरांनी दोन्ही वर्ग करून बेरीज घेतली, जुळली. ३,८७,६८,०५,६९६ आणि ४१,८१,६१,६०१. एकच संख्या दोन वेगवेगळ्या रीतींनी दोन वर्गांची बेरीज असेल तर ती मूळ असूच शकत नाही. मूळ संख्येची अशी फोड झालीच तर एकाच रीतीनं होते. पुढं दोन्ही फोडींतून फरक काढत गेलं की ६४१ = २५² + ४² आणि ६७,००,४१७ = २५५६² + ४०९² हातात येतात. हा भाग वर्गाला जड गेला. नातीला २०,४४९ म्हणजे स्वतःच १४३ चा वर्ग असल्याचं सापडलं, त्यावर समाधान मानलं.

१६ डिसेंबर

तक्ते. गेरू संपला, निळ्या शाईवर भागवलं. पंपवाला तीन दिवस नाही.

१९ डिसेंबर

तक्त्यावर ६७०४१७ लिहिलं गेलं. पुन्हा शून्य. कागद जोडून दुरुस्त. आता नियम : एकानं अंक मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं खूण करायची. मुनीमजी जिनिंगमध्ये असंच करत.

२२ डिसेंबर, सोमवार

चार तक्ते लागले. तिसऱ्यावर नातीनं स्वतःहून दोन संख्या शेजारी-शेजारी मांडल्या, ...२९७ आणि ...२७९. पहिलीखाली 'फुटते', दुसरीखाली 'फुटत नाही', मध्ये फरक १८. बघणारे तिथंच जास्त थांबले. बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, चूक तक्त्यावर कशाला लावली? ती म्हणाली, "चूक उतरवण्यात झाली होती, संख्येत नाही."

मुनीमजी काठी टेकत आले होते. सत्तरीतलं धोतर, डोक्याला रुमाल. तक्ता पुरा वाचून काढला, अंक बोटानं मोजले. मी त्यांना पुढची कडी सांगितली : २ चा चौसष्टावा घात अधिक एक, वीस अंकी. ती १८८० साली लांद्री नावाच्या फ्रेंच माणसानं हातानं फोडली, ऐंशी ओलांडल्यावर. "मंग माह्यापेक्षा दोन-चार सालानंच मोठा असन," ते म्हणाले. त्यापुढच्या तेहतिसाव्या कडीपर्यंतच्या सगळ्या कड्या फुटणाऱ्याच निघाल्या आहेत, आणि एकविसाव्या आणि पंचविसाव्या कडीचा तर फुटते एवढंच कळलंय, एकही भाजक अजून कुणाला सापडलेला नाही. यावर ते बराच वेळ गप्प राहिले. "भाजक न सापडता फुटते हे कसं कळलं?" असं मग विचारलं. उत्तर मी उद्यावर ढकललं. सोपं नाही ते.

२४ डिसेंबर

नातीनं नवी वही आणली. पहिल्या पानावर १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिनं लिहिलं, आबाजींनी उलट वाचून खूण केली, मी पुन्हा एकदा मोजलं, वीस अंक. लहान भाजक २७४१७७ आहे. यावेळीही सांगितलेलं नाही.